लिंडन क्रॉली आणि पाचशेवा पक्षी

लिंडन क्रॉलीला मी पंचावन्न वर्षं ओळखतो, आणि त्याचा वीट आला नाही असं त्यातलं एकही वर्ष मला आठवत नाही. तरीही दर जुलैत मी त्याच्याबरोबर बेटावर जात राहिलो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याला जे काही बोलणार आहे, त्यातलं थोडं मलाही लागू आहे असं समजून चाला.

आमचं गाव स्टिकनी हार्बर. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर अशी गावं पुष्कळ आहेत: धक्का, खेकडे-लॉबस्टरच्या होड्या, एक चर्च, एक दुकान. मी इथे चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. लिंडन गाड्यांच्या लायसन्सची परीक्षा घ्यायचा. एकतीस वर्षं. हातात पुठ्ठ्याची पाटी, तिला चिमट्याने लावलेला कागद, कानामागे पेन्सिल. शेजारच्या सीटवर बसून तो कागदावर काहीतरी खरडायला लागला की चांगल्या चांगल्या माणसांचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडे जायचा. निम्म्या गावाला त्याने निदान एकदा तरी नापास केलं होतं, आणि ते तो लग्नाकार्यात बोलून दाखवायचा. "नवरदेव पहिल्या खेपेला नापास बरं का!" असं म्हणून स्वतःच हसायचा.

आर्लीन लूकला त्याने तीनदा नापास केलं. तिसऱ्यांदा कारण लिहिलं: वळण घेताना शीळ वाजवली. त्याच आर्लीनने पुढे सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्याकडचा बर्फ, आमच्याकडचं धुकं, आणि मागे पन्नास पोरांचा गोंधळ, पण बसला कधी ओरखडा आला नाही. लिंडन मात्र अजून म्हणायचा, "मी कडक राहिलो म्हणून ती शिकली."

निवृत्त झाल्यावर नापास करायला माणसं उरली नाहीत, तेव्हा तो पक्ष्यांकडे वळला.

गावात पक्षिमित्र मंडळ आधीपासून होतं. पाच-सहा म्हातारी माणसं महिन्यातून एकदा वाचनालयात जमायची, कॉफी प्यायची, कुणी काय पाहिलं ते सांगायची आणि घरी जायची. लिंडन आला आणि दोन वर्षांत अध्यक्ष झाला. दुसऱ्या कुणाला व्हायचंच नव्हतं. मग त्याने नियम काढले. पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या ठेवायच्या, त्याला दाखवायच्या. कुणी बिचारी म्हणाली की काल अंगणात चिमणी आली होती, की हा विचारायचा, "कुठली? छातीवर रेघा होत्या? मधे ठिपका होता? मग चिमणी होती कशावरून?" ती बाई पुढच्या महिन्यात यायचीच नाही.

त्याची स्वतःची यादी मात्र कुणी तपासायची नाही. त्यात चारशे नव्याण्णव पक्षी होते. त्यातले किती खरे, हे देव जाणे. एकदा जोराच्या पावसात, बंद गाडीतून, एका डोळ्याला पट्टी बांधलेली असताना त्याने एक घुबड ओळखलं होतं. गाडी मी चालवत होतो. माझ्या मते ती प्लास्टिकची पिशवी होती.

आता तुम्ही विचाराल की मग त्याच्याबरोबर जायचंच कशाला. बेटासाठी. ग्रिंडल बेट आमच्या धक्क्यापासून होडीने दीड तासावर. तिथे पफिन आणि सुरय हे समुद्रपक्षी घरटी करतात, आणि माणसांना वर्षातून मोजक्या दिवशी, मोजक्या संख्येनेच उतरू देतात. आमच्या मंडळाला एका दिवसाच्या तीन जागा मिळायच्या. त्या कुणाला द्यायच्या ते अध्यक्ष ठरवणार. लिंडनला न भांडणारे दोन सोबती हवे होते. मी भांडत नाही. आर्लीन भांडायची, पण तिच्या हातचा ब्लूबेरीचा केक त्याला आवडायचा.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी बेटावर एक भलताच पक्षी आला होता. दूर दक्षिणेच्या उबदार समुद्रातला, वाट चुकून इकडे आलेला. पांढराशुभ्र, चोच लालभडक, आणि शेपटीला हातभर लांब दोन पिसं. गावात सगळे त्याला 'पाहुणा' म्हणायचे. लॉबस्टरवाल्यांना तो दोन-चारदा दिसला होता. लिंडनची झोप उडाली होती. पाचशेवा पक्षी व्हायचा तर तोच.

जुलैच्या मध्यावर आम्ही निघालो. होडी ओटिस कार्व्हरची. पहाटेचं धुकं पाण्यावर बसलेलं, आणि होडी सुटण्याआधीच लिंडन सुरू.

"ओटिस, तू जरा उत्तरेकडून घे. भरती आहे."

"ओहोटी आहे, साहेब," ओटिस म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. उत्तरेकडून घे."

ओटिस त्या पाण्यात बारा वर्षांचा असल्यापासून होडी चालवतोय. त्याने माझ्याकडे बघितलं, थुंकला आणि दक्षिणेकडूनच घेतली. लिंडनला कळलंही नाही. आर्लीन मागे डब्यावर बसून खुदुखुदु हसत होती. पासष्टीची बाई, पण हसली की बसमधली पोरगीच वाटायची.

"मर्ल," ती मला म्हणाली, "आज पाहुणा दिसला तर मी काय करणार माहितेय? काही बोलायचंच नाही. नुसतं बघायचं. घरी जाऊन सांगायचं."

"लिंडन तुझा जीव घेईल."

"घेऊ दे की. तीनदा नापास करून घेतलाच आहे त्याने."

बेटाला धक्का नाही. छोट्या डोंगीतून शेवाळलेल्या खडकावर उडी मारायची. वर नदीन पेलतिए उभी होती. बेटाची राखणदार. चाळिशीची, उन्हाने रापलेली, सबंध उन्हाळा त्या खडकावर लाकडी खोपटात राहणारी बाई. डोक्यावर हेल्मेट, त्यावर सुरयांनी केलेली पांढरी रांगोळी. तिने आमच्या हातात एकेक काठी दिली. काठी डोक्याच्या वर धरायची. सुरय सर्वांत उंच टोकावर झेपावतात, म्हणजे डोकं वाचतं.

"दरवर्षीचंच आहे, पण पुन्हा सांगते," नदीन म्हणाली. "फळ्यांवरूनच चालायचं. गवतावर पाऊल नको. गवताखाली सगळी बिळं आहेत, आणि आता आत पिल्लं आहेत. एका जोडीचं एकच पिल्लू, वर्षाचं. तासाभराने मी येऊन दार वाजवेन. तोवर खोपीतून बाहेर यायचं नाही. काही झालं तरी नाही."

"मला सांगताय?" लिंडन म्हणाला. "मंडळाचे नियम मीच लिहिलेत."

"मग चांगलंच आहे," नदीन म्हणाली.

खोप म्हणजे लपून पक्षी बघायची लाकडाची पेटी. तिघं जेमतेम मावतात. चारही बाजूंना वीतभर खिडक्या, त्यांना झडपा. आत शिरलो, नदीनने दार लावलं, तिची पावलं लांब गेली. थोड्या वेळात पफिन परत येऊ लागले. छपरावर त्यांच्या पायांची टकटक ऐकू आली, मग खडकावर एक, दोन, दहा. हाताच्या अंतरावर. काळा कोट, पांढरं पोट, रंगीत चोच, आणि चेहऱ्यावर कुणीतरी आत्ताच वाईट बातमी दिल्यासारखे भाव. एकाच्या चोचीत सात-आठ चंदेरी मासे आडवे धरलेले. तो इकडे तिकडे बघून झपकन बिळात शिरला. मी इतकी वर्षं बघतोय, पण दर खेपेला श्वास अडकतो.

लिंडनचा अडकत नाही. तो बोलत होता. पफिनच्या चोचीवरचं रंगीत कवच हिवाळ्यात कसं गळतं ते, वजन किती, पंखांची फडफड मिनिटाला किती. कुजबुजत बोलायचं असतं तिथे, हा परीक्षेच्या आवाजात. पुठ्ठ्याची पाटी मांडीवर. जे समोर होतं त्याकडे त्याने पुरतं एक मिनिट बघितलं नसेल.

आर्लीन पूर्वेच्या खिडकीत होती. ती एकदम स्तब्ध झाली. मला आठवलं ती काय म्हणाली होती ते. तिने खरंच काही बोलायचं नाही असं ठरवलं असावं. पण आनंद लपवायची तिला सवय नव्हती. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आई गं."

लिंडनने मान वळवली. "काय? काय आहे?"

ती बोललीच नाही. त्याने तिला खांद्याने बाजूला ढकललं. म्हणजे खरंच ढकललं. तिचं कपाळ झडपेवर आपटलं. त्याने खिडकीत तोंड घातलं, पण वीतभर खिडकी आणि पक्षी उडता. मी त्याच्या पाठीमागून फटीतून पाहिलं तेव्हा दोन लांब पांढऱ्या रेघा खडकाच्या कडेआड जात होत्या. बस एवढंच. लिंडनला तेवढंही दिसलं नाही.

"कुठं गेला? कुठं गेला?" म्हणत त्याने दार उघडलं आणि तो बाहेर पडला.

"लिंडन, अरे वेड लागलंय का? परत ये!" आर्लीन त्याच्या मागे धावली. ती फळीवर थांबली. लिंडन थांबला नाही. फळी सोडून तो गवतातून कड्याकडे निघाला, गळ्यात दुर्बीण, वरून सुरय किंचाळत त्याच्या टोपीवर मारताहेत, आणि हा बोजड बुटांनी धपधप चाललाय. चार पावलं. पाचव्या पावलाला जमीन खचली आणि त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

मी दारात होतो. मी सगळं पाहिलं.

त्याने पाय उपसून काढला. बुटाला माती होती, आणि राखाडी लव. खड्ड्यात ते पिल्लू होतं. मुठीएवढं, पिसं न फुटलेलं. हललं नाही. लिंडनने खाली बघितलं, बूट गवताला पुसला, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, आणि मग मान वर करून पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली. हे मी विसरू शकत नाही. पुन्हा दुर्बीण लावली त्याने.

त्याच वेळी समुद्रावरून एक पफिन आला. चोचीत मासे. तो खड्ड्याच्या कडेला उतरला आणि बीळ कुठे गेलं ते शोधू लागला. जिथे तोंड होतं तिथे माती. तो दोन पावलं इकडे गेला, दोन पावलं तिकडे. मासे काही सोडेना. आर्लीन फळीवर तोंडावर हात धरून उभी होती.

आरडाओरडा ऐकून नदीन पळत आली. आणि आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत लिंडनने उघडलं.

"ही बाई बाहेर पळाली हो! पक्षी दिसला म्हणून. मी ओरडतोय, थांब, थांब. तिला अडवायला गेलो तर हा अनर्थ झाला."

इतकं सरळ. पापणी लवली नाही. त्याने आर्लीनच्या दंडाला हात लावून वर तिची समजूतही काढली. "होतं असं, आर्लीन. भावनेच्या भरात होतं."

 आर्लीनच्या कपाळावर झडपेची लाल खूण होती. तिने माझ्याकडे बघितलं. नदीननेही बघितलं.

"तुम्ही कुठे होता?" नदीनने मला विचारलं.

एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "मी पश्चिमेच्या खिडकीत होतो."

का म्हणालो ते सांगतो, आणि सांगताना तोंड कडू होतं. पुढच्या वर्षीच्या तीन जागा माझ्या मनात आल्या. खरंच. तो पफिन चोचीत मासे घेऊन उभा असताना मी हिशेब केला, की लिंडनला दुखावलं तर मला हे पुन्हा बघायला मिळणार नाही.

परतीच्या होडीत लिंडनने अंड्याचं सॅंडविच खाल्लं, लोणच्याची काकडी खाल्ली, आणि ओटिसला पाहुणा कसा चाळीस सेकंद डोक्यावर तरंगत होता ते हातवारे करून सांगितलं. केकचा डबा उघडायला गेला तेव्हा आर्लीनने तो काढून घेतला आणि केक डब्यातून समुद्रात ओतला. सीगल तुटून पडले.

"वाया घालवलास की," लिंडन म्हणाला.

ती माझ्याजवळ येऊन बसली.  मग धक्का दिसायला लागल्यावर म्हणाली, "छान दिसत होतं का रे, पश्चिमेच्या खिडकीतून?"

ऑगस्टच्या सभेत लिंडनने गंभीर चेहऱ्याने पत्र वाचलं. घडल्या प्रकाराबद्दल मंडळाला खेद आहे, संबंधित सदस्येला दोन वर्षं सहलींना बंदी. संबंधित सदस्या सभेला आलीच नव्हती. ती नंतर कधीच आली नाही. पत्र वाचून झाल्यावर कुणीतरी केक आणला. वर निळ्या साखरेत 'पाचशे' लिहिलेलं. टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या. दोन तुकडे खाल्ले.

त्या हिवाळ्यात आर्लीन मला दुकानात तीनदा दिसली. तिन्ही वेळा ती माझ्यातून आरपार पलीकडच्या डब्यांकडे बघत गेली.

मे महिन्यात नदीन माझ्या कारखान्यात आली. डोंगीचं इंजिन बिघडलं होतं. मी ते उघडून बसलो, ती उंबऱ्यावर बसून कॉफी पीत होती. माझे हात तेलात होते, मान खाली होती, म्हणून असेल, मला बोलता आलं. मी सगळं सांगितलं.

तिने कॉफी संपवली. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"गवतात एकाच माणसाची पावलं होती. मोठ्या बुटांची. त्या बाई फळीवरून हलल्याच नव्हत्या. त्या दिवशीच वहीत लिहिलंय मी."

"मग काही केलं का नाहीस?"

"मी बेटाची राखण करते, मर्ल. तुमच्या गावाची नाही." तिचा आवाज चढला नाही, पण मला चांगलाच लागला. "ऑफिसला कळवलं. त्यांनी तुमच्या अध्यक्षांना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, की चूक त्या बाईंचीच, आणि त्याला प्रत्यक्ष साक्षीदार आहे. साक्षीदार, मर्ल हंटली. मला वाटलं, तुम्हा लोकांचं आपसात ठरलंय."

मला न विचारता माझं नाव घातलं होतं त्याने. आणि मी तेव्हा संतापलो. वर्षभर एका बाईचं नाव खराब झालं त्याचा मला संताप आला नव्हता. माझं आलं तेव्हा आला. म्हणून म्हणतो, लिंडनला शिव्या घालताना मी आवाज जरा खालीच ठेवतो.

नदीनकडून मी वहीच्या त्या पानाची नक्कल मागून घेतली आणि जूनच्या सभेत उभा राहिलो. अकरा माणसं होती. मी जे झालं ते सांगितलं, स्वतःचं खोटंही सांगितलं. सगळे आपापल्या कॉफीत बघत राहिले.

लिंडनने पाटी टेबलावर ठेवली आणि मायेने हसला. "मर्लला आता सत्तरी लागली. मागच्या महिन्यात तो गाडी कुठे लावली ते विसरला होता. आपण समजून घेऊ या."

"गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी गेलं," कुणीतरी पुटपुटलं.

मग मी पान वाचलं. बुटाचं माप, पाऊल डावं, फळीपासून खड्ड्यापर्यंत पाच पावलं, जाणारी एकाच माणसाची.  लिंडनचे कान लाल झाले. मला वाटलं आता तरी. पंचावन्न वर्षांत एकदा तरी तो म्हणेल, चुकलो.

"खड्डा आधीपासून होता," लिंडन म्हणाला.

पुढच्या महिन्यात त्याने अध्यक्षपद सोडलं, प्रकृतीच्या कारणाने. मंडळाने त्याला लाकडी फलक दिला, त्यावर पफिन कोरलेला, खाली 'सागरी पक्ष्यांच्या सेवेबद्दल'. तो त्याने दिवाणखान्यात लावला आहे. यादीत पाचशे आकडा तसाच आहे. बंदी मागे घेतल्याचं पत्र आर्लीनला टपालाने गेलं. तिकीट लावायला विसरले होते, त्याचे पैसे तिलाच भरावे लागले.

मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात होती, लॉबस्टरच्या पिंजऱ्याचं जाळं विणत होती. तिने बस म्हटलं नाही.

"सभेत सांगितलं मी," मी म्हणालो.

"कळलं."

"उशीर झाला."

"वर्ष लागलं तुला, मर्ल. तिथं उभ्या उभ्या सांगायला एक मिनिट लागलं असतं." तिने गाठ मारली, ओढून बघितली. "तुला ठाऊक आहे मी कशाने रडायचे? माझ्या नावाने नाही. तो मासे घेऊन शोधत होता ना, त्याने. आणि तुम्ही दोघं तिथे उभे राहून ठरवत होता, की खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं."

 मी टोपी घातली आणि निघालो. तिने हाक मारली नाही.

यंदा एप्रिलमध्ये लिंडनचा फोन आला. त्याची नजर आता अधू झालीय, पण आवाज तोच. "मर्ल, ऐक. नवीन अध्यक्षाशी बोललोय मी. जुलैत तीन जागा आहेत. तू, मी आणि आर्लीन. झालं गेलं मी विसरायला तयार आहे. तिला सांग, माझ्या मनात काही नाही."

 तो विसरायला तयार होता! तो तिला माफ करत होता!

"तिला तू सांग," मी म्हणालो आणि फोन ठेवला. वाटलं, एवढी तर त्याला लाज असेल, की तो तिला फोन करणार नाही.

त्याने केला. हे मला आर्लीनकडूनच कळलं, दुकानात, पिठाच्या पोत्यांपाशी. दोन वर्षांत ती पहिल्यांदा आपण होऊन माझ्याशी बोलत होती. लिंडनने तिला आधी हवापाण्याचं सांगितलं, मग डोळ्यांचं, मग पाहुणा यंदाही येणार असं त्याला का वाटतं ते.

"मग? तू काय म्हणालीस?"

"काही नाही. फोन टेबलावर ठेवला आणि धुणं वाळत घालायला गेले. चादरी होत्या, वेळ लागला." तिने पिठाची पिशवी काखेत मारली. "परत आले तरी बोलतच होता. पफिनची चोच गळण्यापर्यंत आला होता."